डोळे मिटल्याचा आरोप

आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणावा लागला नाही. सोलापुरात माणसाचा सत्कार करायचा म्हटलं की शाल असो वा नसो, टॉवेल अंगावर पडतोच. आणि गेल्या काही वर्षांत माझे सत्कार जरा जास्तच झाले. कारण मी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा या विषयाचा अभ्यासक आहे. गावात या विषयाचा दुसरा अभ्यासक नाही, त्यामुळे पहिला नंबर माझाच आणि शेवटचाही माझाच.

हा विषय मी विचारपूर्वक निवडला, असं मी भाषणांत सांगतो. ते खोटं आहे. मी विधी महाविद्यालयात जमिनीचे कायदे शिकवत होतो. बांध, वहिवाट, वाटणी. एका चर्चासत्रासाठी नव्या विषयावरचा एक निबंध कमी पडत होता, म्हणून प्राचार्य दुपारी जेवणानंतर स्टाफरूममध्ये आले. तेव्हा तिथे जागा असलेला मी एकटाच होतो. बाकीचे सगळे खुर्चीत मान टाकून ज्ञानसाधना करत होते. प्राचार्यांनी विषय माझ्या गळ्यात घातला. मग मी चालकाविना धावणाऱ्या मोटारीने अपघात केला तर जबाबदार कोण, यावर बावीस पानं लिहिली. ज्या शहरात रिक्षा कुठे वळणार हे खुद्द रिक्षावाल्यालाही आधी ठाऊक नसतं, त्या शहरात बसून लिहिली. तो निबंध परदेशातल्या कुणा प्राध्यापकाने आपल्या तळटीपेत घेतला. झालं! मी तज्ज्ञ झालो.

गल्लीत मात्र या तज्ज्ञपणाचा अर्थ निराळा होता. शेजारपाजारचे मोबाइल घेऊन यायचे. "सर, तुमी त्यातलेच की, मग फोटो कुटं गेले तेवढं सांगा." मला सांगता यायचं नाही. बायको चहा ठेवता ठेवता आतून म्हणायची, "अहो, आधी गॅसचा रेग्युलेटर नीट बसवायला शिका, मग जगातल्या यंत्रांना नियम लावा." हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं, आणि मी नेलं. पुढची गोष्ट तशी नेता आली नाही.

चिंचोळी एमआयडीसीत कारखानदारांपुढे माझं व्याख्यान ठेवलं होतं. तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्याने नवे कॅमेरे बसवले होते. हे कॅमेरे नुसतं चित्र घेत नव्हते. काम करणाऱ्याचा चेहरा वाचायचे, आणि ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ डोळे मिटलेले दिसले की आपणहून नोंद करायचे: 'झोप'. हे कायद्यात बसतं का, असा मालकांचा प्रश्न होता. मी हात उंचावून सांगितलं की यंत्राने एकट्याने माणसाचा निवाडा करायचा नाही. प्रत्येक नोंद जिवंत माणसाने तपासली पाहिजे. मशीन बोट दाखवेल, निर्णय माणूस करेल. टाळ्या पडल्या. मला वाटलं, आज सोलापुरात आपण काहीतरी मोठं केलं.

जेवताना कुणीतरी म्हणालं, "सर, ते तपासायचं म्हणताय, त्याचा एखादा नमुना द्या की. फॉर्म असला म्हणजे बरं."

शेंगाच्या चटणीचं बोट पुसलं आणि तिथेच एका कागदावर फॉर्म करून दिला. वर यंत्राची नोंद: वेळ, टेबल नंबर, फोटो. खाली अधिकाऱ्यासाठी एक चौकोन: 'वरील नोंद मी स्वतः पाहिली असून ती बरोबर आहे.' त्याखाली सही. आणि अगदी तळाशी, मसुदा अमुक अमुक, म्हणजे मी, सगळ्या पदव्यांसह. कागद टाइप करणाऱ्या कारकुनाने पदव्यांतली एक गाळली होती. ती मी आग्रहाने घालायला लावली. मग टॉवेल-नारळ झाला आणि मला गाडीने घरी सोडलं.

त्यानंतर वर्ष गेलं असेल. माघातली दुपार होती. दारात एक बाई उभी. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. कुंभारीहून दोन बस बदलून आली होती. "रोबोटवाले वकील हितंच राहतात न्हवं?"

मी वकील नाही आणि रोबोटवाला तर नाहीच, हे सांगून काही उपयोग नसतो. मी या म्हटलं.

पिशवीतून तिने आरोपपत्र काढलं. त्या टॉवेलच्या कारखान्यात ती बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. तयार माल तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बांधला जात नव्हता. आता तिला निलंबित केलं होतं. आरोप: कामावर वारंवार झोपणे. आरोपपत्राला जोडलेल्या कागदांवर तिचे फोटो होते, प्रत्येकात मान किंचित खाली, डोळे मिटलेले. प्रत्येक फोटोखाली चौकोनात बरोबरची खूण आणि सही. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव. पदव्यांसह.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तेच राहिलं.

"हे तुमीच केलंय म्हनत्यात. म्हून तुमच्याकडंच आले," ती म्हणाली. स्वरात राग नव्हता. नळ बिघडला की तो बसवणाऱ्याकडेच जायचं, तसं तिचं साधं गणित होतं.

"पण बाई, तुम्ही झोपत होता का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न मागे घ्यावासा वाटला. मग इकडेतिकडे बघत उठली. खुर्चीच्या पाठीवर एक पांढरा टॉवेल होता, त्याच व्याख्यानातल्या सत्काराचा. तो तिने मांडीवर पसरला, डोळे मिटले आणि तळवा हळूहळू एका कडेपासून फिरवत नेला. मध्येच बोट थांबलं. "हितं पातळ हाय. सूत निसटलंय." डोळे उघडून हसली. "सर, तुमाला सेकंडचा माल दिलाय त्येंनी."

दारात उभी असलेली बायको म्हणाली, "व्याख्यान ऐकूनच दिला असेल."

मग बाईने समजावलं. पांढऱ्यावर पांढरं डोळ्याला दिसत नाही. ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. डोळा फसवतो, हात फसवत नाही. हे तिला पहिल्या कारखान्यात एका तेलुगू म्हातारीने शिकवलं होतं. शिकवताना म्हातारी तिच्या डोळ्यांवर आपला हात ठेवायची आणि म्हणायची, "चूडकू." बघू नको. तेव्हापासून डोळे मिटल्याशिवाय तिला कापड समजतच नाही.

मी तिच्या साहेबाला, म्हणजे सही करणाऱ्या अधिकाऱ्याला मनातल्या मनात शिव्या द्यायला सुरुवात केली. एवढं दिसू नये का माणसाला? मग माझाच फॉर्म पुन्हा वाचला. त्यात अधिकाऱ्याला विचारलं काय होतं? नोंद बरोबर आहे का. डोळे मिटलेले होते का? होते. मग नोंद बरोबर. ती झोपली होती का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आणि तिचं म्हणणं काय, यासाठी त्या पानावर एक ओळसुद्धा नव्हती. माझ्या पदव्यांना दोन ओळी होत्या. यंत्रावर माणसाची नजर ठेवायची म्हणून मी निघालो होतो आणि माणसाला यंत्राचा साक्षीदार करून बसलो होतो.

"नोकरी गेली तर?" मी विचारलं.

"पोरगी नर्सिंगला हाय, अजून दोन वरसं. आनि आमचं मालक अंथरुनावर," ती म्हणाली. मग आरोपपत्रावर बोट ठेवून, "पर त्ये ऱ्हाऊ द्या. बावीस वरसं झोपले म्हून लिवलंय सर. माज्या पोरीनं वाचलं त्ये."

आता कारखान्यात तिची चौकशी होणार होती. अशा चौकशीत बाहेरच्या वकिलाला सहसा येऊ देत नाहीत. मदतीला सहकारी कामगार चालतो. तिच्या शेजारी बसायला कुणी सहकारी तयार झाला नाही, कारण तेही कॅमेऱ्याखालीच होते. मग मी साक्षीदार म्हणून जायचं ठरवलं. फॉर्म करणारा माणूसच म्हणतोय की फॉर्म चुकलाय, यापेक्षा मोठा पुरावा काय असणार? मला तर वाटत होतं की माझ्या तोंडाकडे पाहूनच प्रकरण निकालात निघेल.

चौकशी कारखान्याच्या एका लांबट खोलीत होती. चौकशी अधिकारी म्हणून एक निवृत्त गृहस्थ आणले होते, पांढरा सदरा, कानात यंत्र, प्रत्येक वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेणारे. कंपनीच्या बाजूने बसला होता तिथला एचआर मॅनेजर. तो माझा विद्यार्थी निघाला. उठून पाया पडला आणि त्याच हाताने माझी उलटतपासणी सुरू केली.

"सर, हा फॉर्म तुमचाच ना?"

"माझाच."

"इथे लिहिलंय, माणसाने तपासलं पाहिजे. आम्ही तपासलं की नाही?"

"तपासलं, पण..."

"सर, पण नंतर." मग चौकशी अधिकाऱ्यांकडे वळून, "साहेब, साक्षीदार हो म्हणाले असं घ्या." पुन्हा मला, "नोंदीत काही खोटं आहे का? डोळे उघडे असताना मिटलेले लिहिलेत का?"

"नाही."

"मग आमचं चुकलं काय, सर? तुम्ही सांगितलं तेच केलं की आम्ही."

गृहस्थांनी लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, "साक्षीदाराला आणखी काही सांगायचंय?"

मी सांगितलं. फॉर्म चुकीचा आहे, तो मी घाईत केला, जेवताना केला, त्यात कामगाराचं म्हणणं मांडायला जागा नाही, ही चूक माझी आहे. आयुष्यभर वर्गात दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, त्याला टाळ्या पडत. स्वतःची सांगितली तेव्हा नुसता पंखा वाजत होता.

विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "सर, फॉर्म चुकला असेल. पण बाई झोपत नव्हत्या, हे कशावरून?"

आणि इथे मी दुसरी चूक केली. मीच त्याला वर्गात शिकवलं होतं की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीत काढू नये. ते विसरून मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "प्रात्यक्षिक घ्या! आत्ता, इथे! दहा टॉवेल आणा, खराब कोणते ते चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या खिशात ठेवा. बाई डोळे मिटून काढून दाखवतील!"

विद्यार्थ्याने चमकून पाहिलं. गृहस्थांना कल्पना आवडली. बाई मात्र मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होती.

टॉवेल आले. शुभ्र, एकसारखे, कडेला नंबर चिकटवलेले. चिठ्ठी खिशात गेली. ती टेबलापाशी उभी राहिली, डोळे मिटले, पहिल्यावर तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसरा घेतला. तिसरा. माझ्या घरी जो हात पाण्यावरून जावा तसा गेला होता, तो इथे अडखळत होता. कापडाचे धागे तिच्या कातडीत अडकत होते, तो बारीक आवाज मला ऐकू येत होता.

तिने डोळे उघडले. "समजंना, सर."

मी जवळ गेलो. तळवे फुटले होते. बोटांच्या मुळाशी फोड येऊन गेलेले, भेगांत माती बसलेली.

"हे काय?"

"भावाच्या रानात जोंधळा काढाया गेल्ते की. पंधरा दिस झालं." मग अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं, "मला इच्यारायचं तरी आधी."

आमच्याकडे जोंधळा कापत नाहीत, उपटतात. एकेक ताट दोन्ही हातांनी धरून मुळासकट. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बांध आणि वहिवाट शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण ज्या हातांवर मी पैज लावली होती, ते हात मी पाहिले नव्हते. फॉर्म करतानाही पाहिले नव्हते. तीच चूक, फक्त जागा बदललेली.

विद्यार्थी उठला. "साहेब, निलंबनाच्या काळात दुसरीकडे काम केल्याचंही नोंदवून घ्या."

"भाऊ पगार देत न्हाय," ती म्हणाली. "भाकरी देतो. तुमचा भाऊ पगार देतो व्हय?"

गृहस्थांच्या ओठांवर काहीतरी हललं, पण त्यांनी ते लिहिलं नाही. "प्रात्यक्षिक संपलं असं समजू का?" त्यांनी विचारलं.

तिने पहिला टॉवेल पुन्हा उचलला. घडी मोडली, पदर मागे सारला आणि टॉवेल गालाला लावला. डोळे मिटले, मान कलती केली आणि कापड गालावरून सावकाश, वितीवितीने ओढत नेऊ लागली. दुसरा टॉवेल. तिसरा. खोलीच्या कोपऱ्यातही एक कॅमेरा होता. त्याला काय दिसत असेल ते मला दिसत होतं: भर दुपारी, चौकशीच्या खोलीत, साहेबांसमोर एक बाई टॉवेलवर गाल टेकून डोळे मिटून उभी आहे. जगातल्या कुठल्याही यंत्राने याला झोपच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

दहाही झाल्यावर तिने तीन टॉवेल बाजूला काढले. प्रत्येकावर जागेवर बोट ठेवून दाखवलं. घाम पुसला तोही हाताच्या मागच्या बाजूने, कापडाला लागू नये म्हणून.

चिठ्ठी उघडली. चिठ्ठीतही तीनच नंबर होते, पण जुळले दोन. एक खराब टॉवेल तिच्याकडून सुटला होता. विद्यार्थी लगेच म्हणाला, "म्हणजे एक चुकला, आणि एक चांगला खराब ठरवला." गृहस्थांनी तिने काढलेला तो जास्तीचा टॉवेल उचलला, खिडकीपाशी गेले, उजेडासमोर धरला. बराच वेळ धरून उभे राहिले. मग विद्यार्थ्याला जवळ बोलावलं. तिच्या बोटाच्या जागी, नखाएवढ्या भागातून बाहेरचं ऊन आत येत होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या विभागाला ते दिसलं नव्हतं.

"झोपेत माणसाला एवढं समजत असेल," गृहस्थ जागेवर येऊन बसत म्हणाले, "तर मीही झोपूनच अहवाल लिहीन म्हणतो."

अहवाल त्यांनी जागेपणीच लिहिला. आरोप सिद्ध होत नाही. बाई कामावर परत गेली. मला कुंभारीहून फोन आला, पलीकडे तिची मुलगी होती. "सर, आई झोपली न्हवती असं लिहून आलं," म्हणाली. मी फोन ठेवून बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "बघितलं. गालाने जिंकली ती. तुम्ही तर तिला हरवलंच होतं." हे खरं असल्यामुळे मी कोरे कागद काढले.

नवा फॉर्म मी या वेळी महिनाभर बसून केला. अधिकाऱ्याने फोटो नव्हे, कामाच्या जागी जाऊन माणूस पाहायचा. कामगाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्यासाठी अर्धं पान. माझ्या पदव्या काढून टाकल्या. विद्यार्थ्याकडे पाठवला. बरेच दिवस उत्तर नाही म्हणून फोन केला.

"सर, फॉर्म छान आहे," तो म्हणाला. "पण अर्धं पान ठेवलं की लोक लिहितात हो. मग ते वाचायचं कुणी? जुनाच सुटसुटीत आहे. आता बाजूच्या कारखान्यांनीही तोच घेतलाय." मग अगदी मायेने, "तुमचं नाव तेवढं काढलंय, सर. तुम्हाला उगाच त्रास नको."

माझ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं माझं लिखाण ते आहे. त्या बावीस पानांना तळटीप मिळाली. या एका पानाखाली रोज कुणाच्या तरी नोंदी होतात, आणि ते मी लिहिलंय हे आता कुणाला कळणारही नाही. याला सुटका म्हणावं की शिक्षा, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पावसाळ्यानंतर बाई एकदा घरी आली. सुट्टीच्या दिवशी, मुलीच्या कॉलेजचं काही काम करून. हात बरे झाले होते. कसं चाललंय विचारलं, तर म्हणाली, "बरं चाललंय की. साहेबांनी सांगितलंय, केस मिटली पर आता डोळे उघडे ठेवून तपासा, उगा कॅमेऱ्याची कटकट नको. ठेवते उघडे."

"आणि माल?"

"जातो पुढं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "कॅमेरा लई खूश हाय. एक बी नोंद न्हाय माज्या नावावर. खराब टॉवेल बी जातो, चांगला बी जातो. पयलं रातीला झोप लागायची सर, हातानं काम केल्यावर. आता डोळं दुखत्यात नुसते."

तिच्यासाठी आत चहा ठेवला होता. मी गुन्हेगारासारखा समोर बसून होतो. काहीतरी करायचं म्हणून खुर्चीवरचा तो टॉवेल उचलला. एवढ्या दिवसांच्या धुण्याने तो पिवळसर झाला होता.

"ते पातळ कुठं होतं म्हणालात?"

"तितंच असंल. धुतल्यानं चूक जात न्हाय," ती म्हणाली. "बघा सापडतीय का. मिटा डोळे. बघायचं न्हाय."

मी डोळे मिटले. तळवा फिरवला. नुसतं कापड. पुन्हा कडेपासून सुरुवात केली, ती सांगत होती तशी, न दाबता. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, आत कपबशा वाजल्या, चहा बाहेर आला. डोळे मिटून एवढा वेळ मी कधी जागा राहिलो नसेन. आणि मग बोटाखाली एक जागा किंचित खचली, इतकी थोडी, की मी मागे जाऊन पुन्हा खात्री केली.

"सापडली!"

डोळे उघडले तेव्हा चहा संपवून ती दारात चपला घालत होती. बसची वेळ झाली होती.

"सापडली ना? चांगलं झालं," ती म्हणाली. "पर लई येळ लावला सर तुमी. आमच्या टेबलावर असता तर एव्हाना घरी बसवलं असतं तुमाला."